अंगचोर : चोरी नेमकी कशाची?

भुईकोट (धागाकर्ता)

सोलापुरातल्या आमच्या जुन्या घरातले सागवानी कपाट मागच्या महिन्यात माडीवरून खाली उतरवले. चार माणसे लागली होती. अर्धा जिना उतरल्यावर वरच्या माणसाच्या लक्षात आले की खालच्या दोघांपैकी एकाने कपाटाला हात तेवढा लावलेला आहे, भार मात्र घेतलेला नाही. तो वरूनच ओरडला, ‘‘अंग चोरू नको बे, खांदा दे की!’’ अक्कलकोटकडचे माहेर असलेल्या आणि राग आला की हमखास कानडीवर येणाऱ्या माझ्या सासूबाई दारात उभ्या होत्या. त्याच क्षणी त्या म्हणाल्या, ‘‘मैगळ्ळ!’’

कानडीत ‘मै’ म्हणजे अंग आणि ‘कळ्ळ’ म्हणजे चोर. समास होताना ‘क’चा ‘ग’ होतो, म्हणून मैगळ्ळ. म्हणजे दोन वेगळ्या कुळांतल्या भाषांनी एकाच माणसाला, एकाच जिन्यात, एकाच घडणीची शिवी दिली. तेव्हापासून दोन गोष्टी मला छळत आहेत.

पहिली अशी की यात चोरी कशाची होते? लोणीचोर लोणी नेतो, खिसेकापू पाकीट नेतो; चोरीला दुसऱ्याच्या मालकीची वस्तू लागते. अंग तर ज्याचे त्याचे असते. स्वतःच्याच अंगाची चोरी करणे म्हणजे नेमके काय करणे? दुसरी गोष्ट म्हणजे हा शब्द कोणी कोणाकडून घेतला. माझा कल असा आहे की मूळ शब्द कानडी असावा आणि सीमेवरच्या मराठीने त्याचे शब्दशः भाषांतर करून घेतले असावे. जाणकारांनी आपले मत द्यावे.

पोथीवाला

प्रश्न चांगला आहे आणि त्याचे उत्तर ‘चोर’ या शब्दापेक्षा ‘चोरणे’ या क्रियापदात शोधावे लागेल, असे मला वाटते.

संस्कृत धातुपाठात ‘चुर स्तेये’ असे आहे. दहाव्या गणाचा हा पहिलाच धातू, आणि त्याच्यावरूनच त्या गणाला चुरादिगण म्हणतात. तिथे अर्थ एकच दिला आहे : स्तेय, म्हणजे दुसऱ्याचे उचलणे. मराठीत मात्र या धातूने बराच पल्ला गाठला आहे. चोरी लपून करावी लागते. त्यामुळे ‘चोरून’ या रूपाला ‘गुपचूप’ असा अर्थ आला. ‘तो चोरून बघत होता’ या वाक्यात कोणाचेही काही गेलेले नसते. तिथून चोरखिसा, चोरकप्पा, चोरवाट, चोरदरवाजा, चोरपावले हे शब्द आले. चोरखिसा चोराचा नसतो आणि चोरलेलाही नसतो. तो दिसू नये म्हणून आत शिवलेला असतो. उलट तो चोरापासून पैसे वाचवण्यासाठीच असतो, ही त्यातली गंमत.

पुढची पायरी आपल्या प्रश्नाच्या जवळची आहे. आपली स्वतःचीच एखादी गोष्ट समोरच्यापासून मागे ठेवणे, आवरून धरणे, या अर्थाने मराठी ‘चोरणे’ सर्रास वापरते. माणूस नजर चोरतो. गर्दीच्या गाडीत बाई अंग चोरून बसते, आणि तिला कोणी आळशी म्हणत नाही. गाय पान्हा चोरते. या शेवटच्या उदाहरणाकडे मी आपले लक्ष वेधतो, कारण त्यात सगळे येते. दूध गाईचे, कास गाईची. तिने कोणाच्या घरात शिरून काही आणलेले नाही. अनोळखी हात लागला किंवा ती बिचकली की ती दूध उतरू देत नाही, एवढेच. अंगचोराचे ‘चोरणे’ हे पान्हा चोरणाऱ्या गाईचे चोरणे आहे, लोणी चोरणाऱ्या कृष्णाचे नव्हे. समासाचा विग्रह ‘अंगाचा चोर’ असा न करता ‘अंग चोरणारा’ असा केला की कोडे सुटते.

याच धाग्यातले एक सुंदर वाक्य म्हणजे ‘मला बोलायचीसुद्धा चोरी झाली आहे.’ इथे चोरी म्हणजे तर निव्वळ अडचण, आवरून धरावे लागणे.

दुसरे असे की संस्कृतात ‘अंग’ म्हणजे मुख्यतः अवयव. संपूर्ण शरीराला काय, देह, तनू असे शब्द आहेत. मराठीने ‘अंग’ सगळ्या शरीरासाठी रुळवले (अंग धुणे, अंग दुखणे, अंगात ताप येणे), आणि त्याहून पुढे जाऊन जबाबदारीसाठीही वापरले. काम अंगावर घेतात, अंगाबाहेर टाकतात, प्रकरणातून अंग काढून घेतात, अंग झाडून कामाला लागतात. म्हणून ‘अंगचोर’ हा संस्कृतातून आलेला तत्सम समास नव्हे, दोन्ही घटक संस्कृत दिसत असले तरी. तो मराठीच्या घरात, मराठी अर्थांनी जुळलेला शब्द आहे. कानडीकडून घेतल्याच्या मताबद्दल मी साशंक आहे, पण त्याबद्दल कानडी जाणणाऱ्यांनी बोलावे.

सीमेवरचा

माझी शाळा कानडी आणि नोकरी मराठी, त्यामुळे मला बोलणे भाग आहे.

‘मैगळ्ळ’ हा कानडीत अगदी रोजचा शब्द आहे. त्यावरून ‘मैगळ्ळतन’ म्हणजे अंगचोरपणा. ‘केलसगळ्ळ’ असाही शब्द आहे. ‘केलस’ म्हणजे काम, म्हणून तो थेट ‘कामचोर’ झाला. नुसत्या आळशाला ‘सोमारी’ म्हणतात. पोथीवाल्यांनी चोरवाटेचे उदाहरण दिले आहे. कानडीतही आडवाटेने जाणाऱ्या छुप्या रस्त्याला ‘कळ्ळदारी’ म्हणतात. म्हणजे चोरीवरून लपवण्याकडे जाणारी अर्थाची वाट दोन्ही भाषांत सारखीच आहे.

उसनवारीच्या प्रश्नात एक गोष्ट लक्षात घ्यावी. शेजारच्या भाषा एकमेकींकडून नुसते शब्द घेत नाहीत, साचे घेतात. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडचा अभ्यास गम्पर्झ आणि विल्सन या दोघांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केला, तो भाषाशास्त्राच्या पुस्तकांत आजही दिला जातो. त्या गावात मराठी, कानडी आणि उर्दू पिढ्यान्‌पिढ्या शेजारी बोलल्या गेल्या, आणि शब्द वेगवेगळे राहूनही वाक्यांचा साचा इतका एक झाला की एका भाषेतले वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसऱ्या भाषेत उतरवता यावे. सोलापूर त्याहून वेगळे नाही. तेव्हा ‘मै’च्या जागी ‘अंग’ आणि ‘कळ्ळ’च्या जागी ‘चोर’ ठेवून शब्द इकडे आला, हे धागाकर्त्यांचे म्हणणे मला अगदीच अशक्य वाटत नाही.

जाता जाता एक आठवण करून देतो. ज्या सिद्धरामेश्वरांच्या नावाने आपले गाव ओळखले जाते, ते १२व्या शतकातले, बसवेश्वरांच्या काळातले. शरणांच्या, म्हणजे बसवेश्वरांच्या मार्गातल्या संतांच्या, परंपरेत कामाला ‘कायक’ म्हणतात, आणि हा शब्द ‘काय’ म्हणजे शरीर यावरूनच आलेला आहे. सोलापुरातल्या आपल्या सिद्धेश्वर तलावाच्या खोदकामाची कथाही कायकाचीच आहे. म्हणजे काम करण्याचे नाव शरीरावरून आणि काम न करण्याचे नावही शरीरावरून. एकातून दुसरे आले असे मी म्हणत नाही. पण ज्या मुलखात श्रमाला शरीराचे नाव आहे, तिथे श्रम टाळणाऱ्याला शरीर लपवणारा म्हणावे, हे मला ओघाचे वाटते.

पूर्वभाग

आमच्या घरी तेलुगू बोलतात. आजोबा मागावर होते, आजी विड्या वळायची. तेव्हा तिसऱ्या भाषेची साक्ष माझ्याकडून घ्यावी.

तेलुगूत ‘पनिदोंग’ हा शब्द आहे : पनि म्हणजे काम, दोंग म्हणजे चोर. हा झाला कामचोर. पण अंगचोराच्या जागी आम्ही जे बोलतो ते धागाकर्त्यांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तरच आहे. मन लावून राबणाऱ्या माणसाबद्दल आजी म्हणायची की तो ‘ओळ्ळु दाचुकोकुंडा’ काम करतो. ‘ओळ्ळु’ म्हणजे अंग, आणि ‘दाचु’ म्हणजे लपवणे, जपून ठेवणे. अंग न लपवता काम करतो! मराठीने आणि कानडीने जिथे चोरीचा शब्द वापरला, तिथे तेलुगूने सरळ लपवण्याचाच वापरला आहे. पोथीवाल्यांनी व्याकरणाने जे सिद्ध केले, ते आमच्या आजीने चुलीपाशी कधीच सांगितले होते, असे म्हणायला हरकत नाही.

पोथीवाला

@पूर्वभाग, हरकत नाहीच. ही साक्ष माझ्या सगळ्या प्रतिसादापेक्षा वजनदार आहे.

दप्तरी

चर्चा वाचतो आहे. मी आयुष्यभर कार्यालयीन पत्रे लिहिली, त्यामुळे एक शंका. नोटिशीत आम्ही ‘कर्तव्यात कसूर’ आणि ‘कामात कुचराई’ असे लिहीत असू. ‘अंगचोरपणा केला’ असे लिहिलेले मी एकाही नस्तीत पाहिले नाही. हा शब्द ग्राम्य समजला जातो म्हणून, की अर्थ वेगळा म्हणून? आणि कसूर, कसर, कुचराई हे तिन्ही एकाच मुळाचे आहेत का? आमचे एक वरिष्ठ तसे ठामपणे सांगत आणि त्यांच्यापुढे बोलायची आम्हाला चोरी होती.

पोथीवाला

वरिष्ठांचा मान राखूनही सांगावे लागते की तिन्ही वेगळे आहेत.

‘कसूर’ अरबीतून फारसीमार्गे आला. त्या मुळाचा अर्थ आखूड असणे, कमी पडणे. ‘कसर’ही अरबीच, पण वेगळ्या मुळाचा : मोडणे, तुकडा, अपूर्णांक. अरबीत दोघांच्या ‘क’ आणि ‘स’चे उच्चार निराळे आहेत, मराठीच्या तोंडात ते सारखे झाले आणि शब्द भावंडे वाटू लागले.

‘कुचराई’ मात्र याहून जुन्या घराण्याची आहे. ती ‘कुचर’ या शब्दावरून आली, आणि ‘कुचर’ थेट ऋग्वेदात सापडतो. विष्णुसूक्तात विष्णूला डोंगरात राहणाऱ्या भयंकर पशूची उपमा दिली आहे, तिथे ‘कुचरो गिरिष्ठाः’ असे शब्द आहेत. यास्काने निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांचे अर्थ उलगडणाऱ्या आपल्या ग्रंथात, याचे दोन अर्थ केले आहेत. पशूबद्दल म्हणायचे असेल तर ज्याचे वागणे कुत्सित तो कुचर. देवाबद्दल म्हणायचे असेल तर ‘हा कुठे जात नाही?’, म्हणजे सर्वत्र संचार करणारा. मराठीने देवाचा अर्थ देवाकडे ठेवला आणि दुसरा घेतला.

तुकोबांच्या गाथेत हा शब्द ज्या ठिकाणी येतो ते आपल्या चर्चेला फार उपयोगी आहे : ‘कुचराचे श्रवण । गुणदोषांवरी मन ॥ असोनियां नसे कथे ।’ कीर्तनाला येऊन बसलेला, पण लक्ष कथेत नसून लोकांच्या उखाळ्यापाखाळ्यांत असलेला श्रोता तो कुचर. ‘असोनियां नसे’ या दोन शब्दांत जी गोष्ट आहे, तीच कपाटाला हात लावून उभ्या असलेल्या त्या माणसात आहे. तो गैरहजर नव्हता. तो जिन्यातच होता.

आणि दप्तरींच्या मूळ शंकेचे उत्तरही इथेच आहे. नोटिशीला मोजता येणारी गोष्ट लागते : किती दिवस आला नाही, कोणते काम राहिले. कसूर दाखवता येते. अंगचोर माणूस हजर असतो, काम चाललेले असते, फक्त त्याच्या वाटचा भार दुसऱ्याच्या खांद्यावर गेलेला असतो. तो ज्याच्या खांद्यावर गेला त्यालाच कळतो, साहेबाला नाही.

चाळीतला

शेवटचे वाक्य पटले, पण त्या आधीच्या एका गोष्टीवर बोलायचे आहे. धागाकर्ते म्हणतात की अंग ज्याचे त्याचे असते. गिरणीगावात हे इतके सरळ नाही.

सोलापुरात पहिली कापड गिरणी १८७७ मध्ये सुरू झाली. तीच पुढे ‘जुनी मिल’ झाली. आमच्या घरातल्या दोन पिढ्या भोंग्यावर उठल्या. कामावर गेले नाही तर ‘खाडा’ पडायचा आणि पगार कापला जायचा. खाड्याला कोणी चोरी म्हणत नसे, कारण ज्याचे पैसे घेतले नाहीत ते काम न केल्याने कोणाचे काही गेले नाही. पण एकदा हजेरी लागली की पाळी संपेपर्यंत ते अंग कोणाचे? मुकादमाच्या आणि जॉबरच्या (कामगार भरती करून त्यांच्यावर देखरेख ठेवणाऱ्याच्या) हिशेबाने ते विकत घेतलेले असायचे. म्हणून तो जेव्हा ‘अंगचोर’ म्हणायचा, तेव्हा त्याच्या मनात पान्हा चोरणारी गाय नसून खरीखुरी चोरीच असायची : मी पैसे मोजलेल्या आठ तासांतून तू माझे काहीतरी काढून घेतोस. व्याकरणाने अर्थ ‘लपवणे’ असेल, बोलणाऱ्याच्या मनात मात्र ‘चोर’ हा शब्द आपले काम करतोच.

माझे वडील याच शब्दाबद्दल चिडून बोलायचे. सुतातल्या धुळीत आठ तास उभे राहणाऱ्या माणसाने दोन मिनिटे कठड्याला टेकून श्वास घेतला, तर तो अंगचोर; आणि टेबलामागे बसून हे म्हणणाऱ्याचे अंग कुठे होते, ते कोणी विचारायचे नाही.

पोथीवाला

@चाळीतला, आपली हरकत योग्य आहे. मात्र गाईचे उदाहरण मी त्यामुळे मागे घेत नाही, उलट ते अधिकच चपखल बसते असे म्हणतो. पान्हा चोरला असे गवळी म्हणतो. दूध आपले आहे असे तो धरून चालतो. गाय ते वासरासाठी राखते आहे. ‘चोरणे’ हे क्रियापद ज्याला ती वस्तू हवी होती त्याच्या बाजूने बोलते. ज्याने राखली त्याच्या बाजूने त्याच कृतीला ‘जपणे’ म्हणतात. वर पूर्वभाग यांनी ‘दाचु’चे दोन अर्थ दिले आहेत, लपवणे आणि जपून ठेवणे. तेलुगूने दोन्ही बाजू एकाच शब्दात ठेवल्या आहेत.

पूर्वभाग

यावरून एक गोष्ट आठवली, ती मला आजवर सुचली नव्हती. विडीच्या कामात हा शब्द मी कधीच ऐकला नाही. विडीची मजुरी हजार विड्यांमागे असते; जी कमी वळेल तिला कमी मिळेल, वर ‘छाट’ म्हणून बाद केलेल्या विड्या वेगळ्या. तिथे अंग चोरून चोरणार कोणाचे? स्वतःचेच नुकसान. यंत्रमागावरही जिथे कापडाच्या मापावर मजुरी ठरते, तिथे कोणी कोणाला अंगचोर म्हणत नाही. फार तर आळशी म्हणतील. पण त्याच घरात पाणी भरायची, लग्नघरी भांडी घासायची, पापड लाटायची वेळ आली की हा शब्द दर पाच मिनिटांनी ऐकू येतो, आणि तो बहुतेक वेळा एका जावेने दुसरीबद्दल काढलेला असतो.

माळढोक

शेतातही नेमके असेच आहे, म्हणून पहिल्यांदाच इथे लिहितो आहे.

आमच्याकडे ज्वारीचे रान. खुरपणीला बायका ओळीने पाती धरतात, म्हणजे प्रत्येकीने ठरावीक ओळींचा पट्टा घेऊन बरोबरीने पुढे सरकायचे. रोजाने काम असेल तर अंगचोर बाई लगेच दिसते : तिची पात मागे राहते, किंवा ती बांधाकडेची, कमी तणाची पात आधीच धरते, किंवा वरवर खुरपे फिरवून सगळ्यांच्या बरोबर पुढे येते आणि मागे तण तसेच उभे असते. शेजारणीला मग आपली पात संपवून तिच्या पातीत शिरावे लागते. तेच रान गुत्त्याने दिले, म्हणजे एवढ्या रानाचे एवढे पैसे ठरवून, तर मालकाला अंग चोरण्याची चिंता उरत नाही. चिंता फक्त त्या टोळीला आपापसात असते. आणि सावडीत, जिथे आज तुमच्या रानात मी आणि उद्या माझ्या रानात तुम्ही, पैशांचा संबंधच नसतो, तिथे हा शब्द सगळ्यांत जिव्हारी लागतो. रोजंदारीवरच्या अंगचोराला उद्या बोलावत नाहीत, एवढेच. सावडीत अंग चोरणाऱ्याचे नाव गावात निघते.

चाळीतले म्हणतात ते मुकादमाचे तोंड खरे आहे, पण शब्द मुकादमाचा नाही, असे मला वाटते. तो बरोबरीच्या माणसाचा आहे. मुकादमाने तो उसना घेतला.

चाळीतला

@माळढोक, हे मला सुचले नव्हते. गिरणीतही दोघांनी मिळून बीम (सूत गुंडाळलेला जड रूळ) उचलताना हा शब्द निघायचा, आणि तिथे तो वडीलही वापरायचे. तेव्हा ‘उसना घेतला’ हे मान्य.

त्रिवेणी

माहेर सोलापूर, गेली बरीच वर्षे वास्तव्य प्रयागराजला. कानडी उसनवारीच्या मताला थोडा धक्का देण्यासाठी लिहिते.

इकडच्या अवधी आणि भोजपुरी बोलींत कामाला न वाकणाऱ्या माणसाला ‘जाँगरचोर’ म्हणतात. ‘जाँगर’ म्हणजे शरीर, अंगातले बळ, राबण्याची ताकद. म्हणजे पुन्हा तोच शब्द, आणि इथून कर्नाटक किती लांब आहे ते नकाशात पाहावे. हिंदीत ‘जी चुराना’ हा वाक्प्रचारही याच अर्थाचा आहे; तिथे अंगाच्या जागी जीव आला. गुजरातीत कामात मन न घालणाऱ्याच्या वागण्याला ‘दिलचोरी’ म्हणतात, म्हणजे तिथे काळीज. ‘आँख चुराना’ आणि लाजून आकसण्यासाठी ‘बदन चुराना’ हेही हिंदीत आहेतच, आपल्या नजर चोरण्यासारखे आणि अंग चोरून बसण्यासारखे.

तेव्हा मैगळ्ळ आणि अंगचोर यांचे साम्य खरे असले तरी ते सोलापूरच्या जिन्यापुरते नाही. गंगेपासून कृष्णेपलीकडेपर्यंत लोकांनी हीच कल्पना केली आहे, फक्त कोणी अंग घेतले, कोणी बळ, कोणी जीव, कोणी काळीज.

सीमेवरचा

‘जाँगरचोर’ मला ठाऊक नव्हता. त्यापुढे माझे आणि धागाकर्त्यांचे म्हणणे टिकत नाही, हे मोकळेपणाने मान्य करतो. मराठीकडे ‘चोरणे’चा लपवण्याचा अर्थ स्वतःचा आहे, ‘अंग’चा जबाबदारीचा अर्थ स्वतःचा आहे, आणि उत्तरेकडच्या आर्य बोलींतही तोच साचा आहे, मग शब्द जुळवायला कानडीच्या दारात जाण्याची मराठीला गरज नव्हती. शेजारामुळे झाले असेल तर एवढेच की इथल्या दोन भाषा बोलणाऱ्या माणसाला हा शब्द दोन्हीकडे सापडत गेला, आणि त्यामुळे तो या भागात जास्त खणखणीत राहिला.

दप्तरी

मग ‘कामचुकार’ वेगळा कसा करायचा? मी तो आणि अंगचोर एकच समजत होतो. आणि माझे वडील ‘ऐदी’ म्हणायचे, तो कुठे बसतो?

पोथीवाला

कामचुकारमधले ‘चुकणे’ प्राकृतातले आहे. जैन पंडित हेमचंद्राने १२व्या शतकात आपल्या व्याकरणात ‘भ्रंश्’ या धातूला प्राकृतात जे पर्याय दिले, त्यांत ‘चुक्क’ आहे. त्याच यादीत ‘फिट्ट’ आणि ‘भुल्ल’ही आहेत, म्हणजे आपले फिटणे आणि भुलणे. भ्रंश म्हणजे जागेवरून ढळणे. गाडी चुकते, नेम चुकतो, तसे कामचुकाराचे काम चुकते, किंवा तो कामाला चुकवतो. कामाची वेळ झाली की तो तिथे नसतो. अंगचोर तिथे असतो. कपाट उचलायला जो आलाच नाही तो कामचुकार, आणि जो आला, हात लावला आणि कण्हलाही, तो अंगचोर.

‘ऐदी’ची कथा वेगळीच आहे. अरबीत ‘अहद’ म्हणजे एक. मोगल फौजेत जे स्वार कोणा मनसबदाराच्या हाताखाली नसत, एकेकटे थेट बादशहाच्या चाकरीत असत, त्यांना ‘अहदी’ म्हणत. अकबराच्या कारकिर्दीची नोंद करणाऱ्या ‘ऐन-इ-अकबरी’त त्यांची माहिती आहे. पगार चांगला, मान मोठा आणि रोजचे काम बेताचे. लोकांनी त्यांना पाहिले आणि ‘अहदी’चा अर्थ आळशी झाला, मराठीत त्याचा ‘ऐदी’ झाला. म्हणजे कामचुकार काम चुकवतो, अंगचोर अंग राखतो, आणि ऐद्याला मुळात कामच नसते.

त्रिवेणी

औरंगजेबाची छावणी १६९५ पासून काही वर्षे भीमेकाठी ब्रह्मपुरीला होती, मंगळवेढ्याजवळ. त्या अहद्यांना आपल्याकडच्या लोकांनी डोळ्यांनी पाहिले असणार!

पोथीवाला

पाहिले असणार. पण शब्द त्या छावणीतून उचलला असे म्हणण्याचा मोह मी आवरतो. फारसी दप्तर दख्खनेत त्याच्या कितीतरी आधीपासून चालत होते, आणि एखादा शब्द आपल्याच गावाजवळ जन्मला असे वाटणे ही व्युत्पत्तीच्या छंदातली नेहमीची चूक आहे. याच धाग्यात ती एकदा होऊन गेली आहे.

भुईकोट (धागाकर्ता)

टोमणा पोहोचला. कानडी मुळाचा माझा तर्क मी मागे घेतो, आणि पहिल्या प्रश्नाचे उत्तर पूर्वभाग यांच्या आजींकडून घेतो.

काल सासूबाईंना मुद्दाम विचारले, मैगळ्ळ कशाची चोरी करतो? त्यांना प्रश्नच कळला नाही. मी पुन्हा उलगडून सांगितल्यावर म्हणाल्या, ‘‘तो कुठे चोरतो? तो ठेवून घेतो. उचलतात ते बाकीचे तिघे.’’

एक शंका उरली आहे, ती माळढोक यांना विचारतो. जनावराला हे शब्द लावतात का? कारण जनावराला कर्तव्य नसते. जर बैलालाही लावत असतील, तर अंगचोर हा मुळात कर्तव्याचा शब्द नसून ओझ्याचा शब्द आहे, असे म्हणावे लागेल.

माळढोक

लावतात. जोडीतला एक बैल जू मानेवर नुसते ठेवून चालतो आणि ओढ दुसऱ्यावर टाकतो. लांबून पाहिले तर दोघे सारखेच चाललेले दिसतात. अशा बैलाला आमच्याकडे अंगचोरच म्हणतात, आणि बाजारात घेण्याआधी त्याला ओझ्याला जुंपून बघतात, ते याचसाठी. त्याच्या जोडीदाराच्या मानेवरचे घट्टे जास्त जाड असतात, जुनी माणसे आधी तिकडे हात फिरवतात.

कामचुकार किंवा कामचोर असे मात्र बैलाला म्हटलेले मी ऐकले नाही. ऐदी तर नाहीच.